तीन मापांची खोली : वाहतूक दालनाच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२३, लातूर

वाहतुकीचं छोटं संग्रहालय करायला वाचनालयाच्या मागची खोली आजपासून आमच्या ताब्यात. लांबी ३२ फूट, रुंदी १२. पत्रा दोन ठिकाणी गळतो, एक खिडकी उघडत नाही. कोपऱ्यात १९९३च्या भूकंपानंतर मदत म्हणून आलेल्या घोंगड्यांचा गठ्ठा अजून दोरीसकट पडून आहे. तो हलवायला कुणाची परवानगी लागते हे कुणालाच सांगता येईना, म्हणून ग्रंथपाल बाईंनी स्वतःच हलवला.

आम्ही चौघे. मी, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त. परळीचे गार्डकाका, रेल्वेतून निवृत्त. एसटीच्या कार्यशाळेतला मेकॅनिक, जो एके काळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आणि ग्रंथपाल बाई, ज्यांच्याशिवाय पहिले तिघे नुसते चहा पीत बसले असते.

पहिलाच वाद इंजिनाचा. मेकॅनिकचं म्हणणं, संग्रहालय म्हटलं की लोक इंजिन बघायला येतात. खरं आहे. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडलं ते इंजिनांच्या जोरावरच, आणि नागपूरला मोतीबागेत २००२ पासून छोट्या लाइनचं, म्हणजे नॅरो गेजचं, संग्रहालय आहे, तिथंही लोक आधी इंजिनावर चढून फोटो काढतात. पण आमची खोली ३२ फुटांची. शिवाय इंजिन मिळालंच तर त्याला रंग द्यायला दरवर्षी कुणाकडे पदर पसरायचा? विषय संपला. मेकॅनिकचा चेहरा मात्र दिवसभर उतरलेला.

हाती असलेला माल : बैलगाडीची दोन चाकं, एक हातबत्ती, कंडक्टरचा तिकिटांचा ट्रे आणि पंच, पुठ्ठ्याची सुमारे १४० रेल्वे तिकिटं, तीन अल्बम. नोंदवही आखली. रकाने : वस्तू, माप, वजन, कुठून आली, तिथं ती काय काम करत होती, कागद आहे का. पाचवा रकाना बाईंनी सुचवला. माझ्या डोक्यात तो नव्हता.

१८ जून

शाळा परवा उघडल्या. मुरूडकडच्या एका गावातल्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला आहे असं कळलं होतं, तो बघायला गेलो. कडुलिंबाच्या फांदीला तारेनं बांधलेला, एका टोकाला भोक पाडलेलं, बडवून बडवून खालची कड चपटी झालेली. शाळेचे शिपाईमामा लांबूनच ओरडले, "काय करलालाव सर? घंटा न्यायला आलाव का?"

न्यायला नाही, मोजायला आलोय म्हटलं. शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणला.

लांबी ६१ सेंटिमीटर. वजन १०.४ किलो. म्हणजे मीटरला साधारण १७ किलो. रेल्वेच्या जुन्या हिशेबात रूळ गजाला, म्हणजे तीन फुटांना, किती पौंड यावरून ओळखतात, त्या भाषेत हा ३४ च्या आसपास भरतो. भोक आणि झीज धरली तर ३५ पौंडी. मीटर गेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाइनवर, साधारण ५० ते ६० पौंडी रूळ लागत आणि मोठ्या लाइनचा त्याहूनही जड. एवढा हलका रूळ या भागात एकाच गाडीचा असणार, कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला येणाऱ्या छोट्या गाडीचा. साखर कारखान्यातल्या ट्रॉलीचेही रूळ हलके असतात, पण ते सहसा याहूनही बारीक. शिवाय गावातल्या दोन घरांच्या दारांवर जुने लाकडी स्लीपर तुळई म्हणून बसलेले दिसले, आणि त्यांवर रूळ ठोकल्याच्या भोकांमधलं अंतर अडीच फूट अंतरानं टाकलेल्या रुळांनाच जुळतं. मी पट्टी लावून बघितलं. घरमालकीणबाई हसल्या. "आमच्या सासऱ्यांनी लिलावात घेतलेत, चोरून नाही आणले," हे मात्र त्यांनी न विचारता सांगितलं.

मुख्याध्यापक म्हणाले, संग्रहालयाला हवा असेल तर घंटा घेऊन जा, आम्ही इलेक्ट्रिक बेल बसवणारच आहोत. मी हो-नाही काहीच म्हणालो नाही.

२९ जून, आषाढी

उपास असल्यानं दुपार वाचनालयातच. आज त्या छोट्या गाडीच्या, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेच्या, फलकाचा मजकूर लिहायला घेतला.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. जन्म १८५७. १८८२ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. मोठ्या लाइनवरच्या बार्शी रोड स्टेशनापासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी २१ मैल. मध्ये कच्चा रस्ता आणि बैलगाड्यांची रांग. कापूस, तेलबिया, धान्य सगळं त्या रांगेतून. कॅलथ्रॉपनं नोकरी सोडली, सरकारशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ साली अडीच फुटी गाडी बार्शीत आणली.

या माणसाचं डोकं ज्या गोष्टीसाठी ओळखलं जातं ती मुलांना कशी सांगायची, यात माझे दोन तास गेले. शेवटी हे सुचलं. मऊ जमिनीवरून पोतं न्यायचं असेल तर एकाच माणसाच्या डोक्यावर दोन पोती दिली की त्याचा पाय रुततो. दोघांच्या डोक्यावर एकेक दिलं की रुतत नाही. कॅलथ्रॉपनं ठरवलं की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. इंजिन जड, म्हणून त्याला आस जास्त. त्याची पहिली पाच इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बांधली, पुढे आठ जोडलेली चाकं, मागे आणखी चार. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे, म्हणजे हलके आणि तरी मजबूत. भार असा सारखा वाटला गेला की हलका रूळ पुरतो, हलका रूळ पुरला की खर्च उतरतो, आणि खर्च उतरला की बार्शीसारख्या गावालाही रेल्वे परवडते. शाळेच्या कडुलिंबाला लटकतंय ते या हिशेबाचं उत्तर आहे, हे लिहिताना मला फार बरं वाटलं.

भारतात आणण्याआधी हे डबे-इंजिन लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरती लाइन टाकून चालवून दाखवले होते. इंग्लंडमध्ये त्यानं बांधलेली लीक आणि मॅनिफोल्डची छोटी लाइन १९०४ साली सुरू झाली, ती बार्शीच्या नमुन्यावर. आपल्याकडे बहुतेक गोष्टी तिकडून इकडे आल्याचं आपण ऐकतो. ही उलटी निघाली.

आज आषाढी, म्हणून हेही. १९०६ साली हीच लाइन पंढरपूरला पोहोचली, आणि वारीच्या दिवसांत मालाच्या वाघिणींतही माणसं भरून जात. १९११ला ती लातूरला आली, १९२७ला मिरजेला. सगळी मिळून २०२ मैल. कॅलथ्रॉप १९२७ सालीच वारला. रेल्वेखेरीज त्याला दोन नाद होते, अरबी घोडे आणि पॅराशूट. मित्र विमान अपघातात गेला म्हणून त्यानं पॅराशूट करायला घेतलं. तो मित्र म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स. फलकावर हे घालू नका, विषयांतर होतं, असं बाईंचं मत. मी घातलं. मुलं तेवढंच लक्षात ठेवतील, पण त्या निमित्तानं बाकीचं वाचतील.

२३ जुलै

आठवणी गोळा करण्याचा दिवस. वाचनालयाच्या पायरीवर सतरंजी टाकली, चहा ठेवला. अकरा जण आले. अकराही जणांनी एकच गोष्ट सांगितली : छोटी गाडी इतकी हळू चालायची की चालत्या गाडीतून उतरून, लघवी करून, परत चढता यायचं. अकरा वेळा लिहून घेतली. अकरांपैकी स्वतः तसं केलेला एकही नव्हता. प्रत्येकाचा मामा नाहीतर चुलता.

दुपारनंतर प्रश्न बदलला. "गाडीत बसताना तुमच्या हातात काय होतं?" मग मात्र पिशव्या उघडल्या. करडईच्या तेलाचा डबा. लग्नाची पत्रिका आणि हळदीकुंकवाची पुडी, सोबत गूळ. कुर्डुवाडीला मोठी गाडी पकडून पुण्याला शिकायला निघालेल्या एकाच्या हातात आईनं बांधून दिलेल्या बारा भाकरी आणि शेंगाची चटणी. कुर्डुवाडीलाच प्रत्येक पोतं छोट्या वाघिणीतून काढून मोठ्या वाघिणीत टाकावं लागायचं. एका आजोबांनी तिथं हमाली केलेली. खांदा दाखवला. खांद्यावरचा घट्टा अजून तसाच आहे.

गार्डकाकांचा तास वेगळाच रंगला. एकेरी लाइनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून काय करायचे, ते त्यांनी मुलांना खेळून दाखवलं. पत्र्याचे दोन डबे, मध्ये सुतळी, एक रबरी चेंडू. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, तारेनं जोडलेली. त्यांत पोलादी गोळे. एका यंत्रातून गोळा बाहेर काढला की तो परत कुठल्याही एका यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नाही. ड्रायव्हरच्या हातात गोळा असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. गोळा चामड्याच्या थैलीत, थैली वेताच्या मोठ्या कड्याला. गाडी न थांबता जाणार असेल तर पोर्टर प्लॅटफॉर्मवर कडं उंच धरून उभा, आणि फायरमन धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कोपरात अडकवून घेणार. "हाताला फटका असा बसायचा बगा की जेवताना घास डाव्या हातानं," काका म्हणाले.

हे ऐकून संध्याकाळी एक जण परत आला. बारदानात गुंडाळलेला जड गोळा. नाव लिहू नका म्हणाला. कुठून आणला, तर "पडला होता." काकांनी हातात घेतला, फिरवून बघितला, आणि परत बारदानात ठेवला. रेल्वेची मालमत्ता कागदाशिवाय जवळ ठेवणं हा १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते ज्याच्याकडे सापडतं त्याला ते कसं आलं ते सांगावं लागतं. आम्ही घेतला नाही. त्याला सांगितलं, जवळच्या स्टेशन मास्तरांकडे नेऊन दे, आणि आम्ही रेल्वेकडे रीतसर अर्ज करून असाच एक मागतो. तो गेला. गोळा कुठं गेला देव जाणे. मेकॅनिक माझ्यावर चिडला आहे आणि त्याचं चिडणं मला समजतं. इंजिन गेलं, आता गोळाही गेला.

६ ऑगस्ट

पावसाचा पत्ता नाही. पत्रा गळतो की नाही तेही त्यामुळे कळत नाही.

तिकिटांचं काम. ५७ बाय ३०.५ मिलिमीटरचं पुठ्ठ्याचं तिकीट, एडमन्सन नावाच्या इंग्रज स्टेशन मास्तराची १८३०च्या दशकातली कल्पना. प्रत्येकावर अनुक्रमांक, आणि खिडकीत ठेवलेल्या लोखंडी यंत्रात खटकन दाबून तारीख. आमच्या १४० पैकी ६२ तिकिटं देणाऱ्यानं प्रेमानं लॅमिनेट करून दिलेली आहेत. प्रेमाला काय म्हणणार! उष्णतेनं पुठ्ठा वाकलाय, आणि प्लास्टिक सोडवायला गेलो तर वरचा थर त्याच्याबरोबर निघतो. एक सोडवून बघितलं, वाया गेलं. बाकी ६१ तशीच ठेवली. उरलेली साध्या कागदाच्या घड्यांत, डब्यात सिलिका जेल.

एका तिकिटावर कसबे तडवळे. बाईंनी ते वेगळं काढलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली ती याच गावी. तिकीट त्याच्या खूप नंतरचं आहे, त्या परिषदेशी त्याचा संबंध नाही, आणि फलकावर तो जोडायचाही नाही. पण हे गाव तेव्हा छोट्या लाइनवरचं स्टेशन होतं, एवढं नकाशावर दिसलंच पाहिजे.

हातबत्ती घासली. फिरवायच्या तीन काचा : साधी, तांबडी आणि निळसर. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हिरवी काच हरवली आणि कुणीतरी निळी बसवलीय." मीही तसंच समजलो होतो. मग रॉकेल घालून वात पेटवली. ज्योत पिवळी, काच निळसर, बाहेर पडला तो हिरवा उजेड! खोलीत अंधार केला होता, मुलांनी टाळ्या वाजवल्या. ४० वर्षं प्रकाशाचा धडा शिकवला मी.

२० ऑगस्ट

जमिनीवरचं चित्र. खोलीतला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा ऐवज. रूळ आणायचे नाहीत, रूळ रंगवायचे. तिन्ही गेज एकात एक, डावा रूळ सामायिक : छोटी लाइन ७६२ मिलिमीटर, मीटर गेज १०००, मोठी लाइन १६७६. मराठवाड्याच्या नकाशावर ही तिन्ही मापं एका पिढीनं पाहिली. लातूर गावाला छोटी लाइन, ३०-३५ किलोमीटरवर लातूर रोडला विकाराबाद-परळीची मोठी लाइन. परळीत मोठी लाइन संपायची आणि परभणीकडे मीटर गेज सुरू व्हायची. लातूरचा माणूस औरंगाबादला निघाला की कधी पायाखालची गाडी बदल, कधी एसटी धर.

पेंटरनं सकाळी रंगवून टाकलं. दिसायला सुरेख. पट्टी लावली तर सगळंच कमी. त्यानं पट्ट्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं होतं. गेज मोजतात रुळांच्या आतल्या कडांमध्ये. पट्टे ५ सेंटिमीटरचे, म्हणून प्रत्येक गेज ५ सेंटिमीटरनं आखूड. कागदावर मध्यरेषा काढून दिली होती मी, म्हणजे चूक माझी. पेंटर म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय सर?" गार्डकाका उठून उभे राहिले. "एवढ्यानं गाडी पडती बाबा."

पुन्हा रंग. जास्तीचे ६५० रुपये.

३ सप्टेंबर

जालना जिल्ह्यात मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर परवा लाठीमार झाला, त्यानंतर आंदोलन पेटलंय. एसटी बंद. परभणीला जायचं होतं, राहिलं. मेकॅनिकही घरीच, म्हणून त्याला एसटीचा फलक लिहायला बसवलं. लिहिता लिहिता त्याचा मूड सुधारला.

महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली, हे सगळ्यांना पाठ. पण तेव्हा आपण त्या राज्यात नव्हतोच. निजामाच्या संस्थानात सरकारी बस १९३२ सालीच सुरू झाली होती, २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन. आणि ती चालवत होती रेल्वे! निजाम स्टेट रेल्वेचा रस्ते-वाहतूक विभाग. म्हणजे मराठवाड्याची एसटी रेल्वेच्या पोटी जन्मली. १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ साली आपली एसटी राज्याच्या महामंडळात मिसळली. मेकॅनिकनं फलकाचं शीर्षक दिलं : "आमची एसटी १६ वर्षांनी मोठी". बाईंना ते थोडं आगाऊ वाटलं. राहू दिलं.

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन

यंदा अमृत महोत्सव. झेंडावंदनानंतर दालन दिवसभर उघडं ठेवलं. जवळजवळ ३०० लोक.

मनमाड ते सिकंदराबाद मीटर गेजच्या फलकावरून वाद झाला. ही ३९१ मैलांची गोदावरी खोऱ्याची लाइन १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं उघडली. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड तिनंच जोडले. एक गृहस्थ म्हणाले, आजच्या दिवशी निजामाचं कौतुक भिंतीवर कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांना बसवलं आणि "गॅरंटीड" या शब्दाचा अर्थ सांगितला. रेल्वेचं नावच निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. कंपनी लंडनची, भांडवल तिथलं, पण भागधारकांच्या व्याजाची हमी हैदराबादच्या खजिन्याची. गाडी रिकामी धावली तरी व्याज जाणार. १९३० साली संस्थानानं ती रेल्वे विकत घेईपर्यंत हे चाललं. आणि लाइन टाकली गेली त्याच सुमाराला, १८९९-१९०० साली, मोठा दुष्काळ होता. रूळ आले ते मुख्यतः कापसासाठी. परभणी-नांदेडचा कापूस मनमाडला मोठ्या वाघिणीत भरला जायचा आणि मुंबईला जायचा. सेलू, जालना, परभणी, नांदेड, जिथं जिथं स्टेशन तिथं जिनिंग-प्रेसिंग उभं राहिलं. हे सगळं ऐकून गृहस्थ म्हणाले, "मग असंच लिहा की." त्यांच्यासमोरच मजकूर बदलला. आता पहिलं वाक्य आहे : "हमी खजिन्याची, भाडं रयतेचं, कापूस मुंबईचा."

दिवसभरातली सगळ्यात मोलाची पाहुणी ढोकीकडची एक आजी. वय ८८, नातवाच्या मोटारसायकलवरून आल्या. सरहद्दीच्या नकाशापाशी थांबल्या. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि तिच्या पुढे येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर निजामाच्या राज्यात. एकच गाडी, दोन राज्यं. आजींचे वडील बार्शीच्या बाजारला जायचे. घरात दोन पिशव्या, एकीत हाली, एकीत कलदार. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार इंग्रजांचा, आणि १०० कलदारला ११६च्या वर हाली मोजावे लागत. येताना करोडगिरीवाला, म्हणजे जकातीचा माणूस, पोत्यात सळई खुपसून बघायचा. "आन् सळई गुळाच्या ढेपंत गेली की वर येताना चाटायचा मेला," आजी म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या.

ग्रंथपाल बाईंनी हे रेकॉर्ड केलं. त्या एकट्या रेकॉर्डिंगसाठी हा सगळा उद्योग केला असता तरी चाललं असतं, असं मला रात्री वाटत होतं.

८ ऑक्टोबर

बैलगाडीच्या चाकांपैकी एकाची धाव, म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, सैल झालीय. चाक लोहाराकडे नेलं. आता धाव चढवणारे फार थोडे उरलेत.

त्यानं गोवऱ्यांचा गोल ढीग रचला, त्यात लोखंडी धाव ठेवून पेटवली. तापून फुगली की दोघांनी सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवायची, घणाचे चार ठोके, आणि लगेच पाणी. वाफेचा लोट, लाकूड करकरतं, लोखंड आवळतं. चाकाचे तुंबा, आरे, पाटे सगळं एकमेकांत घट्ट. खिळा एकही नाही.

गार्डकाका बाजूला उभे होते. म्हणाले, पूर्णेच्या लोको शेडमध्ये हेच बघितलंय. इंजिनाच्या चाकालाही वेगळी पोलादी धाव असते. झिजली की काढायची, नवी तापवून चढवायची, थंड होताना ती आपोआप आवळून बसते. गोवऱ्यांऐवजी तिथं बर्नर, एवढाच फरक. लोहाराला हे सांगितलं. तो फारसा चकित झाला नाही. "चाक म्हणल्यावर दुसरं काय करतील?"

चाकाची जागा बदलली. आधी ते "रेल्वेपूर्वीची वाहतूक" म्हणून दाराशी होतं. आता रेल्वेच्या भिंतीलाच टेकवलंय.

५ नोव्हेंबर

गेला आठवडा पुन्हा एसटी बंद होती. आज जलदूतचा, म्हणजे पाणी आणणाऱ्या रेल्वेचा, कोपरा लावला, अर्ध्या दिवसात झाला. फोटो लोकांनीच दिले.

एप्रिल २०१६. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, एकेकीत साधारण ५०,००० लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी. तेलाच्या टाक्या राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणलेल्या. फलक लिहिताना ध्यानात आलं की मिरज आणि लातूर ही तर १९२७च्या त्या छोट्या लाइनचीच दोन टोकं. मधली लाइन २०११पर्यंत टप्प्याटप्प्यानं मोठी झाली, काही ठिकाणी वाट बदलून धाराशिवकडून गेली. कुर्डुवाडीपासून पुढची लाइन छोटीच राहिली असती तर हे पाणी कुर्डुवाडीला कसं ओतून घेतलं असतं? गार्डकाका म्हणाले, हमालाच्या खांद्यावरून घागरीनं. कुणी हसलं नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच घागर घेऊन रांगेत होतो.

२६ नोव्हेंबर

रेल्वेकडे गोळ्यासाठी केलेल्या अर्जाला अजून उत्तर नाही. स्मरणपत्र धाडलं. मेकॅनिकनं दरम्यान लेथवर लाकडाचा गोळा करून आणला, वेताचं कडं बुरुडाकडून करून घेतलं. "नमुना" अशी ठळक चिठ्ठी लावली. मुलं तोच उचलून पळतात, खरा असता तर कपाटातच बंद राहिला असता. हे मी त्याला सांगितलं नाही, त्याला ते आधीच कळलेलं दिसतं.

दुपारी मुरूडकडच्या शाळेत. इलेक्ट्रिक बेल बसलीय. तिच्याखालीच शिपाईमामा हातात हातोडी घेऊन उभे, कारण सकाळपासून लाइट नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, सर, आता खरंच न्या, कागदही करून देतो, लिलावाची जुनी पावती कपाटात सापडलीय.

पावतीची प्रत घेतली. रुळाच्या कापलेल्या टोकाचा ठसा कागदावर पेन्सिलीनं घासून घेतला. मधल्या सुट्टीचे टोल बाईंनी रेकॉर्ड केले, दोनदा, कारण पहिल्या वेळी मुलांचा गलका फार झाला.

रात्री नोंदवही भरली. क्रमांक ४१. वस्तू : रुळाचा तुकडा, अंदाजे ३५ पौंडी, बार्शी लाइट रेल्वे. लांबी ६१ सेंटिमीटर, वजन १०.४ किलो. कुठून आली : लिलाव, पावतीची प्रत सोबत. काय काम करत होती, या रकान्यात "होती" खोडून "आहे" केलं : शाळेची घंटा. ठिकाण : कडुलिंबाच्या झाडावर.